फुलीचा टाका आणि घालणारीचे नाव

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी भरतकामावर काही लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी ते आधी हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सुई हातात द्या, काय हवे ते भरून दाखवीन. पण लेखणी धरायची म्हटले की हाताला घाम फुटतो. त्यातून टाका कसा घालावा हे लिहून सांगता येतच नाही, ते शेजारी बसून शिकावे लागते. मग म्हटले, टाका कसा घालावा ते राहू दे, तो आजवर कोणी कोणी घातला ते लिहावे. कारण गेले वर्षभर मी त्याच शोधात आहे, आणि त्या शोधाची सुरुवात आपल्या मंडळातच झाली.

गेल्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात माझ्या आईच्या रुखवतातली एक चौकट मी मांडली होती. मधोमध तुळशीवृंदावन, दोन अंगांना दोन मोर, खाली हत्तींची ओळ. मॅटीच्या कापडावर सगळे काम फुलीच्या टाक्याचे. येणाऱ्या बायका तिच्यापाशी थांबत, कौतुक करीत. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी आईलाच विचारले, "टाके तुमचे ते कळले. पण नक्षी कोणाची?" आई म्हणाली, "आमच्या आत्याबाईंची." त्यांनी पुढे विचारले, "नाव काय हो त्यांचे?" आणि माझी सत्तरीतली आई गप्प राहिली. नाव आठवेना म्हणण्यापेक्षा ते तिला कधी ठाऊकच नव्हते.

आत्याबाई म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. त्यांना धारवाडकडे दिले होते. लग्नानंतर तीन वर्षांच्या आतच कपाळ पांढरे झाले, त्या माहेरी परत आल्या आणि जन्मभर तेथेच राहिल्या. आजोबा त्यांना अक्का म्हणत, बाकी सारी आळी आत्याबाई म्हणे. मे महिन्यात आजोळी गेले म्हणजे मी त्यांना पाही. माजघराच्या खिडकीखाली एक पाट, पाटाशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात रंगारंगाच्या दोऱ्याच्या लड्या, एक कात्री, चार बोथट सुया. आणि मांडीवर मुलांची गणिताची चौकटींची वही. एवढाच त्यांचा कारखाना. उजेड सरकला की पाटही सरके. त्या वहीत शिसपेन्सिलीने फुल्या मारून त्या नक्षी बसवीत. एक चौकोन म्हणजे एक टाका. आळीतल्या मुलीचे लग्न ठरले की तिची आई वही मागायला येई. रुखवताच्या दिवशी पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलेले असे, 'कुमारी अमुक हिचे हस्तकौशल्य'. ज्यांची वही त्यांचे नाव कोठेच नसे, आणि ते असावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

त्या दिवशी घरी येताना मला वाटले, हे आपल्याकडेच असे, की सगळीकडे? माझी लेक कॉलेजात जाते. तिच्याकडून इंग्रजीतले वाचून घेत घेत मी जे जमवले ते आपणांपुढे ठेवते.

भरतकामाच्या सर्व टाक्यांत फुलीचा टाका साधा. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, एक तिरपा टाका घालायचा, त्यावर दुसरा उलट्या बाजूने तिरपा. कापडावर आधी छाप उमटवावा लागत नाही, चित्रकला यावी लागत नाही, मोजता आले म्हणजे झाले. वरचे सगळे टाके एकाच दिशेला झुकले पाहिजेत, एवढे पथ्य पाळावे. नाही तर दुरून काम विसकटलेले दिसते. अक्षरे आणि आकडेही या टाक्यात नीट बसतात. त्यामुळे ज्या बायकांना दौत-लेखणी मिळाली नाही, त्यांनी पुष्कळ ठिकाणी आपले लिहिणे या टाक्यातच केले आहे.

विलायतेत मुलींना शिवण शिकवताना नमुन्याचा एक वेगळा तुकडा करायला लावीत. छापील नमुने दुर्मिळ होते, तेव्हा कोठे नवी नक्षी दिसली की बाई ती अशा तुकड्यावर उतरवून ठेवी. म्हणजे तो तुकडा हीच तिची वही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असा एक तुकडा आहे. त्यावर साल घातलेले आहे १५९८, आणि करणारीचे नावही आहे, जेन बॉस्टॉक. साल घातलेल्या ब्रिटिश तुकड्यांत याहून जुना माहीत नाही. तागाच्या कापडावर रेशमाने आणि जरीच्या दोऱ्याने केलेले काम आहे, मोती आणि मणीही लावले आहेत. त्यात जेनने अॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद केली आहे. तारीख २३ नोव्हेंबर १५९६, वार मंगळवार, वेळ दुपारची. आपल्याकडे शिवरायांचा जन्म व्हायलाही त्या वेळी तीस-बत्तीस वर्षे अवकाश होता. त्या बाईने आणखी काय केले, संसार कसा केला, यातले काही मला सांगता यायचे नाही. पण चारशेहून अधिक वर्षांनी मी तिचे नाव येथे लिहिते आहे, ते तिने चार टाके जास्त घातले म्हणून.

पुढे या तुकड्यांचे रूप पालटले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ते शाळेतल्या मुलींच्या पाटीसारखे झाले. वर मुळाक्षरे, मग आकडे, खाली घराचे किंवा झाडाचे चित्र आणि शेवटी मुलीचे नाव व वय. हे नुसते हौसेसाठी नव्हते. मोठ्या घरांत चादरी, टॉवेल, अभ्रे डझनांनी असत. धुण्यात ते हरवू नयेत म्हणून प्रत्येकावर घरच्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात घालीत. ज्या गरीब मुलीला ती अक्षरे सफाईने घालता येत तिला मोलकरणीची जागा मिळणे सोपे जाई. इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावी जॉर्ज म्युलर यांनी १८३६ साली अनाथाश्रम काढला. तेथील मुलींनी केलेले असे तुकडे आजही जपलेले आहेत. बहुतेक लाल दोऱ्याचे, आणि त्यांवर मुळाक्षरांच्या तऱ्हेतऱ्हेच्या ओळी इतक्या दाटीने घातलेल्या की बोट ठेवायला जागा नाही. पोट भरायची विद्याच ती.

हे वाचताना मला आपली भांडी आठवली. आपणही तांब्या, परात, वाटी घेतली की दुकानातच नाव कोरून घेतो. कार्यात भांडी एकमेकांत मिसळतात, म्हणून. भांड्यावर नाव असते, पण अभ्र्यावरच्या कमळावर नसते. भांडे हरवू नये असे वाटते. कमळ काढणारीचे तसे वाटत नाही.

या विलायती तुकड्यांत एक आहे, त्याचा फोटो पाहून मी आणि माझी लेक दोघीही बराच वेळ बोललो नाही. त्यावर ना फूल ना पाखरू, नुसती लाल रेशमाची बारीक अक्षरे. ओळीमागून ओळी, सगळ्या फुलीच्या टाक्यात. एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीने सुमारे १८३० साली ते भरले. तिचा जन्म १८१३ चा, म्हणजे ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. गरीब घरची, लहानपणीच दुसऱ्यांच्या घरी कामाला लागलेली. आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून विश्वासाने हे येथे मांडते, अशा अर्थाने तिने सुरुवात केली आहे. चाकरीच्या घरी मालकाने तिला कसे छळले, कोणाला सांगायची सोय कशी नव्हती, जीव द्यावा असे मनात कसे आले, हे सारे ती टाक्याटाक्याने सांगत जाते. शेवटी आपल्या आत्म्याचे पुढे काय होणार अशी चिंता करते, आणि वाक्य तेथेच तुटते. खालचे कापड कोरे आहे.

मला वाटले, पोरीने नक्कीच काही बरेवाईट करून घेतले. पण तसे झाले नाही. संग्रहालयाच्या लोकांनी जुनी दप्तरे चाळून तिचा माग काढला. ती पुढे शाळेत शिक्षिका झाली आणि शहात्तर वर्षांची होऊन १८८९ साली वारली. माग निघाला तो तिने आपले नाव-गाव टाक्यांत घालून ठेवले होते म्हणून. नाव नसते तर हे कापड कोणा एका अभागी मुलीचे म्हणून राहिले असते, आणि तिचे पुढे भले झाले हे कोणालाच कळले नसते. मला तर हे कळल्यावर माहेरची खुशाली कळावी तसे हायसे वाटले.

आता नक्षी बसवणारीकडे वळू. चौकटींच्या कागदावर नक्षी छापून विकण्याचा धंदा जर्मनीत बर्लिन शहरी वाढला. १८०४-०५ च्या सुमारास फिलिप्सन नावाच्या एका माणसाने असे काही नमुने काढले, पण त्यांना विशेष उठाव आला नाही. मग १८१० साली विटिश नावाच्या एका बाईने यात लक्ष घातले. ती स्वतः उत्तम भरतकाम करणारी, आणि नवरा चित्रे छापून विकणारा. तिने नवऱ्याचे मन वळवले आणि नमुने छापायला लावले. तांब्याच्या पत्र्यावरून चौकटी छापायच्या आणि एकेका चौकोनात हाताने रंग भरायचा, अशी ती रीत होती. सोबत बर्लिनचीच मऊ रंगीत लोकर मिळे. या कामाचे वेड साऱ्या युरोपात पसरले. मिस लँबर्ट नावाच्या इंग्रज बाईने १८४२ साली शिवणकामावर पुस्तक लिहिले. तोवर असे चौदा हजार नमुने निघाल्याचे तिने त्यात सांगितले आहे. घरोघर बायका त्यावरून गुलाबाचे गुच्छ, कुत्री-पोपट, राजाराणीची चित्रे, नवऱ्यासाठी सपाता असे काय काय करू लागल्या.

चौदा हजार नमुने! ते कोणी कोणी काढले, चौकोनांत रंग कोणाच्या हातांनी भरले, याची यादी कोठे नाही. आणि जिच्यामुळे हा धंदा मार्गी लागला तिचीही आठवण नवऱ्याच्या आडनावानेच राहिली आहे. म्हणजे आमच्या आत्याबाई एकट्या नव्हत्या. त्यांची एक बहीण बर्लिनलाही होती म्हणायची.

पण सगळ्याच अशा विसरल्या गेल्या नाहीत. तेरेझ द डिल्माँ या बाईंची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८४६ साली ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाट या गावी झाला. १८८४ साली त्या आल्सास प्रांतातल्या मुलूझ शहराजवळ, डोर्नाख येथे जाऊन राहिल्या. हा मुलूख आज फ्रान्सात आहे, तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. मुलूझला दोऱ्याचा एक मोठा कारखाना होता. डी. एम. सी. ही अक्षरे आपल्यांपैकी काहींनी लडीच्या पट्टीवर वाचली असतील, तोच हा कारखाना. त्याच्या साहाय्याने बाईंनी डोर्नाखला भरतकामाची शाळा चालवली आणि १८८६ साली हस्तकामाचा एक मोठा ज्ञानकोश लिहिला. साध्या शिवणीपासून, फाटलेले रफू करण्यापासून ते लेस विणण्यापर्यंत सगळे त्यात आहे, आणि जागोजाग चित्रे काढून दाखवलेले आहे. शिकवायला जवळ कोणी नसेल तरी बाईला पुस्तकावरून आपले आपण शिकता यावे, अशा तऱ्हेने ते लिहिलेले आहे. त्याची भाषांतरे कितीतरी भाषांत झाली. बाई १८९० सालीच गेल्या, अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या होऊन. पण पुस्तकावरचे त्यांचे नाव गेले नाही. आज सव्वाशेहून अधिक वर्षे ते पुस्तक लोकांच्या हातात आहे.

मी स्वतः चाळिशी ओलांडलेली. त्रेचाळीस हा आकडा वाचला आणि सुई खाली ठेवली. एवढ्या वयात त्या बाईने जगाला पुरेल एवढे लिहून ठेवले. आणि आत्याबाईंच्या वह्यांचे काय झाले ते मी मामींना विचारले, तर त्या रद्दीत गेल्या होत्या. मामींना दोष देत नाही. गणिताची वही म्हणून कोणी तरी बांधून दिली असणार. वर नाव असते तर कदाचित दिली नसती.

तुम्ही म्हणाल, नाव घालण्याचा सोस बायकांनाच का? तर पुरुषाचेही एक उदाहरण सांगते. दुसऱ्या महायुद्धात कॅसडॅग्ली नावाचे एक इंग्रज मेजर १९४१ साली क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. कैदेत वेळ जाईना, म्हणून ते फुलीचा टाका घालू लागले. दोरा कोठून आणणार? जुन्या पुलोव्हरची लोकर उसवून वापरली. डिसेंबर १९४१ मध्ये त्यांनी एक तुकडा पुरा केला. मध्ये आपले नाव, कैदी क्रमांक, छावणीचे ठिकाण आणि महिना. भोवती ठिपके आणि रेघांची किनार. जर्मन अधिकाऱ्यांना ते काम इतके आवडले की त्यांनी ते आपल्या छावण्यांतून मांडले! पण ती किनार म्हणजे तारायंत्राची लिपी होती. एका ओळीत इंग्लंडच्या राजाला देव राखो अशी प्रार्थना होती आणि दुसरीत हिटलरला एक सणसणीत शिवी. माझी लेक हे वाचताना इतकी हसली की मला अर्थ सांगायचे विसरली. सुईचे काम म्हणजे गरीब काम असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पॅलेस्टाईनमधल्या बायका झग्यावर फुलीच्या टाक्याचे भरघोस काम करतात. पूर्वी झग्याच्या नक्षीवरून बाई कोणत्या गावची ते ओळखू येई. १९८७ नंतर तेथे उठाव झाला, तेव्हा रस्त्यात झेंडा हाती धरण्याची बंदी होती. बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशे झग्यावर भरले आणि ते झगे अंगावर घालून त्या वावरू लागल्या. २०२१ साली युनेस्कोने या कलेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली आहे. तेथे बाईचे नाव नसले तरी गावाचे नाव तरी टाक्यांत होते.

आपल्याकडचे काय? फुलीच्या टाक्यासाठी फार लांब जायला नको. धारवाड-विजापूरकडची कशिद्याची कला आपल्याला कसुती म्हणून माहीत आहे. १९५६ पर्यंत हे जिल्हे मुंबई राज्यातच होते, आणि इकडच्या-तिकडच्या सोयरिकी तर त्याहून जुन्या. इरकली लुगड्याच्या पदरावर, काळ्या चंद्रकळेवर, खणाच्या चोळीवर ही नक्षी भरीत. कानडीत कै म्हणजे हात आणि सुती म्हणजे सूत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. हिचे टाके चार. गवंती आणि मुरगी हे दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे. गवंतीत रेघा सरळ जातात, मुरगीत जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. तिसरा नेगी, तो विणल्यासारखा दिसतो. आणि चौथा मेंथी, म्हणजे मेथी. हा मेंथीचा टाका म्हणजेच आपला फुलीचा टाका! कसुतीतही छाप नसतो, धागे मोजून काम चालते, आणि दोऱ्याला गाठ मारीत नाहीत. नक्षीत देवळाचे गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर आणि तुळशीवृंदावन.

हे वाचून झाले आणि मी उठून आईची चौकट पुन्हा काढली. तुळशीवृंदावन, मोर, हत्ती. वृंदावनाच्या पायऱ्या मुरगीच्या चालीने चढत गेलेल्या. इतकी वर्षे आम्ही ही नक्षी आत्याबाईंच्या डोक्यातली समजत होतो. पण तीन वर्षांसाठी ज्या धारवाडकडे नांदायला गेल्या, तेथे कोण्या सासू-जावेच्या पदरावरून त्यांनी ती मोजून घेतली असणार. सासरहून आल्या तेव्हा अंगावरचे दागिनेही तिकडेच राहिले, असे आजी सांगे. ही एवढी मोजणी मात्र त्या घेऊन आल्या. पुढे चाळीस वर्षे तीच चौकोनांत बसवून आळीतल्या प्रत्येक नवरीला दिली. स्वतः मात्र कोणाच्या रुखवतासमोर उभ्या राहिल्या नाहीत, कारण त्या काळी मंगलकार्यात त्यांनी पुढे येण्याची चाल नव्हती. नक्षी मांडवात जाई आणि नक्षी काढणारी माजघरात बसे.

याच चालीविरुद्ध आपल्या प्रांतात थोर बायकांनी काम केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथे बायकांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवण-टिपणही शिकवीत, ते बाईने आपल्या पायांवर उभे राहावे म्हणून. आपल्या मंडळाचा शिवणवर्ग म्हणजे त्याच झाडाची एक लहान फांदी आहे, असे मी समजते.

आता आत्याबाईंच्या नावाचे सांगून लेख संपवते. आईने तिच्या भावंडांना विचारले, मी मामेबहिणींना विचारले. कोणी म्हणे अमुक, कोणी म्हणे तमुक. माहेरचे नाव एक, सासरी ठेवलेले दुसरे, आणि हाक मारायला तिसरेच. मग कोणाच्या ध्यानात काय राहणार? शेवटी गणपतीच्या आधी मामांनी माळ्यावरून पूजेची जुनी पितळी भांडी काढली. चिंचेने घासताना एका तांब्याच्या गळ्याशी बारीक अक्षरे वर आली. लग्नात आईने लेकीला दिलेला तांब्या. त्यावर 'चि. सौ. कां.' असे लिहून पुढे तिचे माहेरचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले. मामांनी तो तांब्या आईच्या हातात दिला. आईने अक्षरांवरून बोट फिरवले आणि ते नाव मोठ्याने उच्चारले. तिच्या सबंध आयुष्यात तिने आपल्या आत्याला नावाने पहिल्यांदा हाक मारली ती त्या दिवशी.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. या वर्षीच्या प्रदर्शनापासून प्रत्येक कामाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, दोन ओळी घालाव्यात. पहिली 'टाके' आणि पुढे नाव. दुसरी 'नक्षी' आणि पुढे नाव. शेवटी साल. नक्षी कोणाकडून उतरवून घेतली असेल तर तिचे नाव घालावे. पुठ्ठ्यावर नको, पुठ्ठा हरवतो. कापडावरच घालावे.

काम अवघड नाही. आधी चौकटींच्या वहीत नाव बसवून पाहा. अक्षराला सात चौकोन उंची पुरते. वर मात्रा-वेलांटीसाठी तीन चौकोन आणि खाली उकारासाठी तीन सोडा. शिरोरेषा सरळ असल्याने आपली अक्षरे चौकोनांत सुखाने बसतात. क आणि ल यांच्या वाटोळ्या गाठी तेवढ्या पायरी-पायरीने वळवाव्या लागतात. नाव किती लांब होईल तेही आधी कळते. इंचाला चौदा घरे असलेले कापड असेल तर सत्तर चौकोनांचे नाव बरोबर पाच इंच होते. मोठे वाटले तर एकेरी दोऱ्याने साध्या धावदोऱ्यात घाला. एका दुपारचे काम आहे. स्वयंपाकघर आवरून चहाच्या वेळेपर्यंत होते.

आणि कोणी म्हणेल, आमच्या कामाला कसले नाव घालायचे, आम्ही काय मोठ्या कारागीर? तर तिला १५९८ सालच्या जेनची आठवण द्यावी. तिनेही काही मोठा पराक्रम केला नव्हता. एका मुलीचा जन्म लिहून ठेवला आणि आपले नाव घातले, इतकेच.

आईची चौकट मी या महिन्यात उघडली, काच पुसली आणि दोन ओळी घातल्या. 'टाके' पुढे आईचे नाव आईने स्वतः घातले. हात थरथरतो, म्हणून तिला चार दिवस लागले. 'नक्षी' पुढे आत्याबाईंचे नाव मी घातले. ते नाव येथे छापत नाही. जिने जन्मभर सुईचे काम केले तिचे नाव पहिल्यांदा सुईनेच लिहिलेले वाचावे, असे आम्हा मायलेकींना वाटते. चौकट यंदाच्या प्रदर्शनात दाराजवळच्या टेबलावर ठेवणार आहे. आपण सर्वांनी यावे, थोडे वाकून उजव्या कोपऱ्यात पाहावे, आणि ते नाव मोठ्याने वाचावे.